बिल्डरची नाय, भाताची

मी बांधावर उभी राहून तिसरा फोटो काढायच्या आत गावात माझ्यावरून फोन फिरलेले. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की समोरच्या खाचरातला माणूस काम सोडून माझ्याकडे बघतोय, मग त्याच्या मागे एक बाई येऊन उभी राहिली, तिच्या मागे अजून दोघं. शेवटी त्या माणसाने सरळच विचारलं, "कुठल्या बिल्डरची?"

मी हसले. मला खरंच वाटलं मस्करी करतायत.

"हसते कशाला? मोबाइल घेऊन शेताचे फोटो काढतेस, मग बिल्डरचीच ना."

तर आधी माझं काम सांगते, नाहीतर तुम्हालाही तसंच वाटेल. घोडबंदर रोडला एका ऑफिसात मला नोकरी लागलेली. कॉलेज संपून वर्षही झालं नव्हतं. कंपनीचं काम म्हणजे भात कापायच्या आधीच सांगायचं की कुठल्या गावात किती भात होणार. आकाशातून! सॅटेलाइटवरून! मी घरी डोंबिवलीला हे इतक्या वेळा सांगितलं की आई म्हणायला लागली, बाई, बास, शेजारचे पण ऐकून ऐकून कंटाळले.

पण भारी होतंच ते. पावसाळ्यात ढग असतात, साधा फोटो काढला तर नुसता कापूस दिसतो. म्हणून रडार वापरतात, ते ढगातून आरपार जातं. खाचरात पाणी भरलं की स्क्रीनवर ते काळंकुट्ट दिसतं. मग रोपं वाढतात तसतसं ते उजळत जातं. जोमात वाढलं तर छान उजळतं, मार खाल्ला तर मळकट राहतं. त्याच्यात अजून एक गोष्ट घालायची, पूर्ण मोसमाचा अंदाज. म्हणजे उद्या पाऊस पडेल का ते नाही, तर अख्ख्या मोसमात, कुठल्या महिन्यात, सरासरीपेक्षा कमी की जास्त पडण्याची शक्यता किती, ते. त्या वर्षी अंदाज सांगत होता की सप्टेंबर कोरडा जाणार. आणि गेला. भात फुलोऱ्यात असताना पाणी नाही, म्हणजे दाणे पोचट. आमचं मॉडेल म्हणत होतं, टिटवाळ्याच्या पुढच्या पट्ट्यात यंदा भात कमी.

पण मॉडेल म्हणतंय म्हणून कोण ऐकतं? जमिनीवर जाऊन खरं-खोटं करायला लागतं. आमचे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी होते, त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, "त्या बाजूला कोणाची ओळख आहे का? गावात शिरायला ओळख लागते." मी हात वर केला. शाळेत करतात तसा. माझी मावशी त्याच पट्ट्यातल्या एका गावात दिलेली!

तर मावशी. आईची मोठी बहीण. गावच्या बायकांचा बचत गट तीच चालवते. मोठ्याने बोलते, मोठ्याने हसते, आणि ती एकदा हो म्हणाली की गाव हो म्हणतं. त्या दिवशी ती बांधावर आली, माझ्या मनगटाला धरलं आणि त्या चौघांसमोर म्हणाली, "भाची हाय माजी. बिल्डरची नाय, भाताची हाय. कापणीचं मोजायला आलीय."

"तू सांगतेस म्हणून," तो माणूस म्हणाला. त्याला गावात सगळे काका म्हणतात, मीही म्हणायला लागले. मावशीच्या शेजारीच घर. पांढऱ्या मिशा आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला एक टाचणी लावलेली.

मग मावशीने मला घरोघरी फिरवलं. प्रत्येक ओट्यावर तेच वाक्य. बिल्डरची नाय, भाताची. मला मजा वाटत होती, मी पुढे पुढे पळत होते. परत येताना ती एकदम हळू आवाजात बोलली, आणि मावशी हळू बोलली की समजायचं काहीतरी आहे.

"चार-पाच वर्षामागं झाडं मोजायला माणसं आलेली. योजना हाय म्हणाले. आमच्यातल्याच एकानं त्यांना फिरवलं, मी फिरवलं तसंच. पुढच्या साली शेतात लाल रंगाचे दगड. रस्ता जाणार म्हणे. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक पण नव्हतं. पण गणपतीत अजून त्याच्या घरी आरतीला माणसं मोजकीच जातात." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी आज सगळ्यांना शब्द दिलाय. कळतंय ना?"

"अगं मावशी, भातच मोजतोय आम्ही!"

"मग ठीक."

पीक कापणीची पद्धत साधी आहे. कॉम्प्युटर नकाशावर कुठलीही जागा निवडतो, तिथे जाऊन दोरीने चौकोन आखायचा, तेवढंच भात कापायचं, झोडायचं, वजन करायचं. जागा कॉम्प्युटरने निवडलेलीच हवी, कारण माणूस निवडायला लागला की लबाडी आलीच. वजन आणि फोटो रोजच्या रोज ऑफिसला जायचे. शेतकऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर ॲपमध्ये भरून ठेवायचा, तो अख्ख्या गावाचा एकदम पाठवायचा, सगळ्या कापण्या संपल्या की.

पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "इथं नको. इथं उंदरानं खाल्लंय. तिकडं घे."

दुसरीकडे एक काकू म्हणाल्या, "या खाचरात साप हाय गो. वरच्याला चल."

मी शहाणी. सापाला घाबरून वरच्याला गेले. मग तिसरीकडे पण साप. चौथीकडे कोणाचं तरी कुत्रं चावरं. मला वाटलं, काय डेंजर गाव आहे! रात्री घरी येऊन आकडे बघितले तर सगळीकडे भात मस्त. पण मॉडेल म्हणतंय कमी. म्हणजे एकतर आकाश खोटं बोलतंय, नाहीतर गाव.

नंतरच्या शनिवारी परत गेले, स्कूटीवर, कल्याणहून शहाड, आंबिवली करत. आता डोळे उघडे ठेवून. आणि मला दिसायला लागलं. एका खाचरात, भाताच्या मधोमध, ओळीने आंब्याची रोपं. चिखलात आंबा! मी त्या घरच्या सुनेला विचारलं, "अहो, भातात आंबा कशाला लावलात?"

"आवडतो," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मावशीला विचारलं तर ती पोट धरून हसली. "अगो येडे, रस्तावाले आले तर झाडाचे पैसे वेगळे देतात. आणि चांगल्या जमिनीला जास्त. असं सगळ्यांना वाटतं, खरं-खोटं देव जाणे. म्हणून तुला चांगली चांगली खाचरं दाखवतात."

"पण तू शब्द दिलास ना? मग विश्वास नाही ठेवला कोणी?"

"ठेवला की. म्हणून तर दाखवली. नायतर दगड मारले असते."

मला एवढा राग आला! मी म्हटलं, निदान मावशीचं तरी खरं असेल. तिच्या शेतात पहिली कापणी केलेली. फोनवर नकाशा काढला, बोटाने मोठा केला. मी चौकोन आखला ती जागा छान उजळ. आणि ओढ्याकडे तिचंच अजून एक खाचर, मळकट, जवळजवळ तपकिरी. कॉम्प्युटरचा ठिपका तिथेच पडलेला. आणि मला आठवलं, त्या दिवशी मावशी म्हणालेली की ओढ्याकडची वाट मोडलीय, तिकडून नको.

"मावशी, तू पण?"

तिला जराही लाज नाही. "तू माजी भाची हायस. तुजा कॉम्प्युटर कुठं माजा भाचा हाय?"

मग मी हट्टाने ठिपक्यावरच जायचं ठरवलं. साप असो, कुत्रं असो. मावशीने सगळ्यांना दम दिला आणि पुढच्या कापण्या जिथे पडल्या तिथेच झाल्या. गरवं भात उशिरा कापतात, त्यामुळे अजून बरीच खाचरं उभी होती. आणि आकडे बरोबर आले! भात खरंच कमी. पोचट दाण्यांनी सूप भरायचं. सूप झटकलं की अर्धं वाऱ्यावर. मी आनंदाने नाचत होते, आणि ज्यांचं भात कमी आलेलं ते माझ्याकडे बघत होते. काका म्हणाले, "नाच, नाच. आमचं पिकलं नाय म्हणून तुजं गणित पिकलं."

ऑफिसात मात्र सर खूश. "उत्तम. आता एक छोटं काम. या पट्ट्यातली अशी शेतं वेगळी काढ, ज्यात सलग तीन मोसम भाताचा उतारा कमी आलाय. आणि एक कॉलम टाक, मुख्य रस्त्यापासून अंतर."

मी टाइप करता करता थांबले. सर बोलतात एकदम शुद्ध, शांत, बँकेत मॅनेजर असतात तसे. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःचीच लाज वाटते. तरी विचारलं, "सर, रस्त्याचं अंतर भाताला कशाला?"

"वाहतूक खर्च गं. धान्य न्यायला नको?"

बरोबर वाटलं. लंच झाला, डबा संपवला, तरी डोक्यात किरकिर चालू. परत गेले. "सर, पण धान्य न्यायचं तर भात जास्त आलेली शेतं हवीत ना? आपण कमी आलेली का काढतोय?"

त्यांनी चष्मा काढला. "क्लायंटला गोडाऊनचं प्लॅनिंग करायचंय. जिथे भात कमी, तिथे जमीन मोकळी होण्याची शक्यता जास्त. साधं लॉजिक आहे. आणि पुढच्या मोसमाचा अंदाज आला की तोही जोडू. तू भात मोज ना. जमिनीची काळजी कशाला करतेस?"

मोकळी होण्याची शक्यता. भिवंडीपासून कल्याणपर्यंत गोडाऊनच गोडाऊन आहेत, आम्ही लहानपणापासून बघतोय. कुठे काय होतं ते परत येताना ओळखू येत नाही, इतक्या पटापट पत्रे उभे राहतात. मी जागेवर बसले आणि मनातल्या मनात सांगायला लागले, की यात चुकीचं काय, जमीन विकायची की नाही ते ज्याची त्याने ठरवायचं. अर्धं पटलं पण. मग सर माझ्या मागून जाता जाता म्हणाले, "आणि ज्यांचे मोबाइल नंबर आहेत तेवढ्याच ओळी पाठव. नंबर नसलेल्याचा क्लायंटला काय उपयोग?"

सॅटेलाइटला सगळं दिसतं, पण नंबर दिसत नाही. नंबर मी आणलेले. मावशीच्या शब्दावर, ओट्यावर बसून, चहा पिऊन.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून काय? मीही तेच म्हटलं. कदाचित क्लायंट खरंच धान्य साठवणारा असेल. कदाचित मी त्या गावात राहून राहून त्यांच्यासारखीच झाले असेन, सगळ्यात बिल्डर दिसायला लागला असेल. सरांना क्लायंटचं नाव विचारलं तर म्हणाले, "करारामुळे सांगता येत नाही." हे पण खरं असू शकतं! पण नंबर अजून माझ्या फोनमध्येच होते. गाव पाठवायचं बाकी होतं.

रविवारी मावशीकडे गेले आणि सगळं सांगितलं. इतक्या पटापट बोलले की तिने दोनदा थांबवलं. ओरडेल असं वाटलेलं. ती ओरडली नाही. बसल्या जागी हातातली परात बाजूला ठेवली.

"म्हंजे मी घराघरात खोटं बोलून आले."

"खोटं नाही गं, तुला कुठे माहीत होतं? मला तरी कुठे माहीत होतं? आणि अजूनही नक्की असं काही..."

"त्याला पण ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. कोणाबद्दल ते मला कळलं.

मी म्हटलं, मी गुपचूप नंबर काढून टाकते, कोणाला कळणार पण नाही. तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "गुपचूप? आणि उद्या कळलं की मग?"

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात गटाची मीटिंग होती. बायका होत्याच, मावशीने काकांना आणि बाकीच्या पुरुषांना पण बोलावलं. स्वतः उभी राहून म्हणाली, "मी सांगितलेलं ही बिल्डरची नाय. तो शब्द मी परत घेते. आता ती काय ते सांगेल." आणि बसली. एवढंच. मला वाटलं ती थोडं समजावेल, भाची आहे, लहान आहे, असं. काही नाही.

मी उभी राहिले. जसं तुम्हाला सांगितलं तसंच सांगितलं. रस्त्याचं अंतर, गोडाऊन, नंबर. आणि हेही सांगितलं की मला खात्री नाही.

मग काका. "म्हंजे पयल्या दिवशी मी काय म्हटलेलं?"

"बिल्डरची," मी म्हटलं.

"मग? हसलीस तू."

एक बाई मावशीवर घसरली. "तुजी भाची म्हणून दिला गो नंबर. मी तर जावयाला पण देत नाय." सगळे हसले, मावशी नाही हसली. कोणी म्हणालं पोरीला परत येऊ देऊ नका. आंबावाली सून मागून बोलली, "फोन आला तर विचारू तरी, काय भाव देतात," तर तिच्या सासूने तिला कोपरानेच गप्प केलं. मग काका म्हणाले, "भांडण मागनं. पयलं नंबर काढ."

मी ॲप उघडलं. पण माझ्यावर विश्वास कोणाचा? प्रत्येकाला स्वतःच्या बोटाने काढायचा होता. रांग लागली! मी फोन धरलेला आणि एकेक जण येऊन आपलं नाव वाचून घेत होता, दोनदा, आणि मग दाबत होता. कापणीने बोटं चिरलेली, खरखरीत, स्क्रीनला कळेनाच. एका आजींनी करंगळीने दाबलं, तर शेजारणीचाच गेला, त्यावरून वेगळं भांडण. सगळे नंबर निघाले एकदाचे. आणि ॲपने लाल अक्षरात सांगितलं, नंबर भरल्याशिवाय गाव पाठवता येणार नाही.

"मग पाठवू नको," काका.

"नाही पाठवलं तर दुसऱ्या कोणाला तरी पाठवतील इथे. परत घरोघरी."

तेव्हा मावशी उठली. "माजा घाल."

"तुझा आहेच गं मावशी, तुझ्या शेताला."

"सगळ्यांच्या शेताला घाल. ज्याला कोणाला या गावातल्या जमिनीचं बोलायचं असंल त्यानं माज्याशी बोलायचं. शब्द मी दिलेला ना? मग फोन पण मलाच येऊ दे. आला की गावात सांगेन, कोणाचा आला, कोणाच्या शेतासाठी आला. मग कळेल तरी ही पोर खरं बोलते का तिचा साहेब."

कोणी हो म्हणालं नाही, नाही पण म्हणालं नाही. काका मिशीत काहीतरी पुटपुटले. पण जायला कोणी उठलं नाही, प्रत्येक शेतासमोर मी मावशीचा नंबर टाकेपर्यंत सगळे बघत बसले.

सोमवारी मी गाव पाठवलं. दुपारी सरांनी बोलावलं. "अगं, हे काय, सगळ्यांना एकच नंबर?"

"बचत गटाचा आहे सर. गावात असंच चालतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले, शक्य तितकं बावळट तोंड करून. मला कळेना की त्यांना कळलंय का, आणि त्यांना कळेना की मला काय कळलंय. शेवटी म्हणाले, "ठीक आहे," आणि स्क्रीनकडे वळले. तेव्हापासून ते माझ्या मागून जाताना जरा जास्तच हळू चालतात असं मला वाटायला लागलं. कदाचित आधीपासूनच हळू चालत असतील.

काही आठवडे काहीच नाही. मावशी रोज मेसेज करायची, "नाय आला." गावात काका तिला येता-जाता विचारायचे, "काय, आला का तुज्या जावयाचा फोन?" मला वाटायला लागलं की आपण उगाच सरांवर संशय घेतला, उगाच मावशीला सगळ्यांसमोर उभं केलं.

मग एका दुपारी, ऑफिसात असताना, तिचा फोन.

"आला गो."

"कोणाचा?"

"गोड बोलतो. पयलं काय विचारतो, काका आहेत का? नाव घेऊन, बरं. मी म्हटलं, बोला, काकाच बोलतायत."

"मावशी!"

"म्हणाला, आवाज बायकांसारखा येतोय. म्हटलं, सर्दी झालीय." ती हसली, पण तिचं नेहमीचं हसणं नव्हतं ते. मागे माणसांचे आवाज येत होते, काकांचा पण, म्हणजे तिने सगळ्यांना आधीच बोलावून घेतलेलं. "मग म्हणतो, काका, तीन साल झाली, तुमचं भात कमीच येतंय ना? आता तूच सांग, हे त्याला कोणी सांगितलं?"

दोन खुर्च्या सोडून सर बसलेले. कानात हेडफोन होते, पण बोटं कीबोर्डवर चालत नव्हती.

"थांब मावशी," मी म्हटलं, "मी बाहेर येऊन बोलते."